नीळ

मंगळवारी रात्री साडेआठला
मी विडी घरकुलात केबलचं बिल मागत फिरत होतो,
राजा मेला तो त्याच वेळी.

पहिल्या घरात दरबार भरलेला.
पंखांचे घोडे छताखाली फडफडतायत,
चंडकेतू पेला उचलतोय.
"पुढच्या आठवड्यात ये," यादम्माची सून म्हणते,
नजर न हलवता,
सुपातली तंबाखू चिमटीनं पानात भरत.

दुसऱ्या घरात पेला ओठाला लागतो.
पेल्याच्या तळाशी मोती आहे. विष असलं की काळा पडतो,
हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
दोनशे सत्तर मागितले. दोनशे मिळाले.

तिसऱ्या घरात साबणाची जाहिरात.
चौथ्या घराला आतून कडी,
पण राणीची किंकाळी दाराबाहेर येते,
मग घाईघाईनं कुणीतरी आवाज कमी करतं.

पाचव्या घरात राजा सिंहासनाच्या पायरीवर आडवा.
ओठ निळे.
पेला गडगडत वैद्याच्या पायाशी गेलेला,
आणि मोती
पांढराशुभ्र.

मग काय, दारादारातून कज्जा सुरू.
धाकटी राणीच ती!
छे, प्रधान, त्याच्या मिशाच सांगतायत.
गजम्माचा संशय बोलणाऱ्या ससाण्यावर:
"पाखराची झडती कोण घेतं बे?"
कात्र्या थांबत नाहीत, पानं कापली जातात,
कट्टे बांधले जातात, पंचवीस, पंचवीस,
उद्या कारखान्यात माल द्यायचाय,
राजा मेला म्हणून कुणी हजारी सोडत नाही.

शेवटचं घर बालामणी कुरापाटीचं.
पाच महिन्यांची थकबाकी. तिथं मी पावतीपुस्तक काढत नाही,
पाणी मागतो.
ती टीव्हीचा आवाज बंद करून बघते.
म्हणते, तोंडं फसवतात, हात बघावेत.

"पेल्यात कसलं विष, बिड्डा?
मोती कशाला खोटं बोलेल?
शाल बघितलास काय त्याची?
सकाळी पूजेला घेतला तो, निळी.
कोरी. एक पाणीसुद्धा दाखवलेलं नाही.
मानेवर घाम बघ.
घाम आला की रंग आत जातो."

मी हसलो. ती हसली नाही.

भिंतीवर मल्लय्या, हार वाळलेला.
रंगखात्यात अठ्ठावीस वर्षं,
कोपरापर्यंत निळे हात.
जेवताना भाकरीवर बोटं उमटायची,
सासू म्हणायची, किस्ना जेवतोय बघा.
पुढे लघवीतून रक्त जायला लागलं.
सिव्हिलमधल्या डॉक्टरनं विचारलं, तंबाखू खातो का?
ही म्हणाली, खातो.
कागदावर तंबाखू लिहिली गेली
आणि तपास तिथंच मिटला.
तिसऱ्या प्रहरी मालकाचा माणूस चादर घेऊन आला,
प्रेतावर घालायला.
जड, चांगल्या प्रतीची. निळी.

"मी घातली नाही," ती म्हणाली. "पेटीत आहे अजून.
थंडीत पोरं मागतात. देत नाही."

पुढच्या मंगळवारी उलगडा झाला.
वैद्य. मोती काचेचा होता.
गल्ली नाराज, गजम्मा तर दोन दिवस
ससाण्याच्या बाजूनं भांडत होती.
बालामणी एवढंच म्हणाली,
"लिहिणारा पोरगा कधी हौदात उतरला नसणार."

पडद्यावर तुताऱ्या, आवाज नसलेल्या.
राजपुत्राचा अभिषेक. कोवळं पोर, मिसरूड नाही फुटलेलं,
आणि खांद्यावर बापाची तीच शाल
दोघी राण्या मिळून नीट करतायत.

बालामणी सूप बाजूला ठेवून उठली.
टीव्हीच्या अगदी जवळ गेली,
हातावरची तंबाखू न झटकता.
"काढ," ती त्याला म्हणाली.
"काढ की रे ती."